मास्तरांच्या सिनेमातला चोर

६ फेब्रुवारी

लेखिकाबाई,

एरवी मी तुला भिंगरी म्हणून हाक मारते, पण आज ते नाव लिहायला हात वळत नाही.

काल दुपारच्या खेळाला जाऊन तुझा सिनेमा पाहिला. फोन करणार नाही. एक तर फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि दुसरं म्हणजे तू "आत्या, ऐक तर" करून माझा राग निववतेस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, तेव्हा गप्प वाच.

अगं, निम्मं आयुष्य मी या शहराच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवलं, तेही मास्तर संचालक असताना, त्यांच्या छडीच्या इशाऱ्यावर. मास्तर आपल्या रचना पिसाच्या लेखणीने लिहीत नव्हते गं! विजेचे दिवे होते आमच्या काळात. ते स्वयंपाकघरात बसून, शेजारचा रेडिओ सहन करत, बोथट पेन्सिलीने लिहायचे. लिहायचे कमी आणि खोडायचे जास्त. खोडरबराचा चुरा अंगभर. तुझ्या सिनेमात वीज कडाडते, केस उडतात आणि सबंध सिंफनी एका दमात कागदावर उतरते. आणि ती नटी! व्हायोलिन असं धरते, जसं काही बाळाला ढेकर काढायला खांद्यावर घेतलंय. मास्तर झालेला तो नट छडी खाली आणायच्या आधीच सगळे वाजवायला लागतात. मग तो कशाला उभा आहे? तिकिटं फाडायला?

संगीतकारांवरचे सिनेमे मी काही आज पाहत नाही. प्रत्येकात एक वेडा, एक जळका आणि एक रडकी बाई. वेडा दारू पितो, जळका कट करतो, बाई दाराआड डोळे पुसते. हेही मी सोडून दिलं असतं.

पण जळका म्हणून तू कुणाला उभं केलंस? मास्तरांचा साहाय्यक. हातात सतत पेन्सिल, बोलताना टेबलावर टकटक. मास्तर अंथरुणाला खिळल्यावर हा त्यांच्या शेवटच्या रचनेचे कागद पळवतो आणि स्वतःच्या नावावर खपवायला बघतो. नाव बदललंस म्हणून झालं? या शहरात मास्तरांचा साहाय्यक एकच होता. आम्ही त्याला टकटक म्हणायचो, अजून म्हणतो. तो मेलेला नाही, बयो. ब्याऐंशीचा आहे, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो, मुलांना पियानो शिकवतो.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती तू दिलीस. वर शेवटी पाटी काय, तर "सत्य घटनांवर आधारित". कुठल्या घटना? कुणी पाहिल्या? उत्तर दे.

आत्या

१५ फेब्रुवारी

आत्या,

मध्ये तोंड घातलं नाही. दोनदा वाचलं. आता तू गप्प वाच.

सिनेमा म्हणजे इतिहासाचं पुस्तक नाही. खोडरबराचा चुरा दोन तास दाखवला तर शेवटी थिएटरात झाडूवाला तेवढा उरेल. पडद्यावर माणसाला कुणाशी तरी झगडावं लागतं. मास्तरांचा झगडा होता पक्षाघाताशी. पक्षाघाताचा चेहरा कसा दाखवू? म्हणून एक माणूस केला. पेन्सिलीची सवय मी कुठल्याशा जुन्या मुलाखतीत वाचली होती, बरी वाटली, घेतली. तो माणूस हयात आहे हे मला खरंच ठाऊक नव्हतं. ते वाईट झालं. पण मुद्दाम केलं नाही.

आणि विचारायला मी कुणाकडे आले होते गं? दोन वर्षांपूर्वी तुझ्या दारात वही घेऊन उभी होते. "मास्तरांबद्दल सांग," म्हटलं. तू काय म्हणालीस? "सिनेमावाल्यांना मी उंबऱ्याच्या आत घेत नाही. भाची म्हणून आलीस तर चहा पी, नाहीतर वाट धर." मी चहा पिऊन वाट धरली. तुझ्या डोक्यात सगळा इतिहास कुलपात ठेवायचा आणि दुसऱ्याने अंदाज केला की बोंब मारायची, हा कुठला न्याय?

चांगलं काहीच दिसलं नाही का तुला? तालमीचा प्रसंग आठव. बासरीवाला पुन्हा पुन्हा एकच सूर चुकतो, मास्तर ओरडत नाहीत, छडी खाली ठेवून त्याच्या शेजारी जाऊन बसतात. तो प्रसंग मी लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून सभागृहाच्या मागच्या रांगेतून पाहिला होता. तो खरा आहे की नाही? तुझ्या वाद्यवृंदाला टाळं लागायची वेळ आली होती, म्हणे. आता तिकिटांसाठी रांग लागते. कॉलेजातली पोरं मास्तरांची सिंफनी कानात घालून फिरतायत. शेवटच्या संथ भागाला थिएटरात माणसं ढसाढसा रडतात. हे तुमच्या कुठल्या खऱ्या इतिहासाने केलं होतं आजवर?

सोनाराने कान टोचावे हे खरं, पण तू कान टोचत नाहीस, उपटतेस.

भिंगरी
(तुला लिहायचं नसलं तरी माझं नाव तेच आहे.)

२१ फेब्रुवारी

भिंगरे,

तालमीचा प्रसंग खरा आहे. तेवढ्यापुरतं तुझं कौतुक. बासरीवाला अगदी तसाच लाजला होता. मला रडू आलं, आणि आलं म्हणून जास्त राग आला. एक गोष्ट एवढी खरी दाखवल्यावर लोक पुढचं खोटंही खरंच मानणार ना! सगळंच टाकाऊ असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

तुला हाकललं होतं हेही खरं. का, ते आज कळेल. त्याआधी इथे काय चाललंय ते ऐक.

टकटकच्या शिकवण्या सुटल्या. एका आईने तर तोंडावर सांगितलं, "तुमच्याकडून मुलीने काय शिकायचं, सर? चोऱ्या?" संगीतशाळेच्या वार्षिक स्पर्धेतलं एक बक्षीस त्याच्या नावाने होतं, ते यंदा "काही काळ स्थगित". मंगळवारी त्याच्या दारावर कुणीतरी लाल रंगाने "चोर" लिहिलं. मी गेले तेव्हा तो डबा नि ब्रश घेऊन स्वतःच त्यावर रंग फासत होता. त्याच्याकडे हिरवा नव्हता, म्हणून तपकिरी. हिरव्या दारावर आता भलामोठा तपकिरी चट्टा आहे.

मी म्हटलं, "पोलिसात जा. वकील कर. वर्तमानपत्रात लिही. काहीतरी कर रे!"

"काय लिहू?" म्हणाला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मी त्या दारात उभी राहून पाहिलं. आता सांगते. शब्द मोडून सांगते, कारण तू माझ्या भावाची मुलगी आहेस आणि कुणाच्या मानेवर पाय ठेवून उभी आहेस हे तुला कळायलाच हवं.

शेवटच्या सिंफनीचे तीन भाग मास्तरांनी लिहिले. मग उजवा हात गेला, वाचाही गेली. चौथ्या भागाची एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती. तो भाग टकटकने लिहिला. सबंध. दुपारभर मास्तरांच्या खाटेशेजारी पियानो वाजवून दाखवायचा, मास्तर डाव्या हाताने नको-हवं करायचे. एका जागी त्यांनी हात हलवला तो थांबवेचनात. पुढे वाजव, अजून वाजव. ते ऐकून झाल्यावर आठवड्याभरात गेले. वादकांसाठी स्वरलेखनाच्या नकला आम्ही दोघांनीच उतरवल्या, म्हणून मला ठाऊक. पहिल्या पानावर त्याने मास्तरांचं नाव घातलं. मी भांडले होते तेव्हा. तो म्हणाला, "अर्धं मास्तरांचं आणि अर्धं कुण्या टकटकचं, असलं कोण ऐकायला येणार? मग त्यांचे तीन भागही कपाटात जातील. तोंड उघडू नकोस."

मी उघडलं नाही. म्हणूनच वही घेऊन आलेल्या तुला आत घेतलं नाही. बोलता बोलता जीभ घसरली असती.

तेव्हा ज्या संथ भागाला तुझं थिएटर ढसाढसा रडतं, तो त्याचा आहे. ज्याला तू चोर केलंस, त्याच्याच सुरांवर तुझा सिनेमा संपतो. त्याने चोरलं नाही गं, पदरचं घातलं. आणि हे तो सांगूही शकत नाही, कारण सांगितलं की मास्तर उणे होतात.

आता झोप येते का बघ.

आत्या

४ मार्च

आत्या,

नाही आली.

तुझं पत्र वाचलं तेव्हा आधी तुझाच राग आला. एवढं मोठं गाठोडं घेऊन तू दोन वर्षांपूर्वी मला चहा पाजून वाटेला लावलंस! मग स्वतःचा आला. मनात म्हटलं, जगाला सांगू, वर्तमानपत्रात लिहू, नाहीतर दुसरा सिनेमा काढू, खरा. तुला असं पत्रही लिहिलं होतं, टाकलं नाही. त्याऐवजी गाडीत बसले आणि थेट त्यांच्याकडे गेले. तुझ्या गल्लीवरूनच गेले, पण वर आले नाही. आले असते तर तू अडवलं असतंस.

तो तपकिरी चट्टा पाहिला. अक्षरं खालून अजून दिसतात.

दार उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सिनेमावाल्या तुम्हीच का? बसा. पियानोच्या स्टुलावर नको, खुर्चीत."

मी पाठ करून आणलेली माफी म्हणायला लागले. त्यांनी दोन वाक्यंही पुरी होऊ दिली नाहीत. पेन्सिल उचलली आणि टेबलावर असं काही वाजवायला लागले की कपातला चमचा नाचायला लागला.

"कापलं कुणी?"

"काय कापलं, काका?"

"शेवटच्या भागातला मधला तुकडा! चेलो एकटेच येतात तो. कुणी कापला?"

"लांबी जास्त होत होती. संकलनात..."

"लांबी!" आत्या, ब्याऐंशीचा माणूस एवढा ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. "अहो, खर्जात घुमणारे ते चेलो तिथे का आहेत ते कळलं का तुम्हाला? चेलो नाहीत, मग शेवटी व्हायोलिनं रडतात ती कशावर? रडायला काही कारण लागतं की नाही? तुमच्या सिनेमात ती उगाच रडतात. आणि माणसं त्यांच्यासोबत उगाच रडतात. मला चोर म्हणालात, म्हणा. माझं वय झालंय. पण त्या सुरांनी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

माझ्या डोक्यात इतकं काही साचलं होतं की ओठांवर आलं. मी म्हटलं, "काका, तो भाग कुणी लिहिलाय ते मला कळलंय."

पेन्सिल थांबली.

"कुणी सांगितलं?" मग स्वतःच म्हणाले, "सांगू नका. सांगणारं माणूस एकच आहे."

ते उठून खिडकीशी गेले. मी म्हटलं, मला सगळं जाहीर करू द्या, तुमच्यावरचा डाग एका दिवसात जाईल. तर माझ्याकडे वळून सावकाश, एकेक शब्द तोडून बोलले, "तो भाग मास्तरांनी लिहिला आहे. तुमच्या सिनेमात तेवढी एकच गोष्ट बरोबर आहे. तिला हात लावू नका."

"पण मग तुमचं काय?"

"मी चोर नव्हतो, एवढं सांगायचं असेल तर सांगा. का नव्हतो, ते सांगू नका. मी चोर नाही हे दाखवायला तुम्ही मला मास्तरांच्या घरी दरोडा घालायला लावताय. जा आता. आणि दार हळू लावा, सकाळी पुन्हा एक हात दिलाय, रंग ओला आहे."

वीस तारखेला तुमच्या सभागृहात सिनेमाच्या यशाचा सोहळा आहे. माझा सत्कार आहे. त्या व्यासपीठावरून मी बोलणार आहे. निर्मात्याने भाषण आधी लिहून मागितलंय, त्याला दुसरंच लिहून पाठवलं. तिथे शेवटचा भाग सिनेमातल्यासारखाच, चेलोंचा तुकडा गाळून, वाजवायचं ठरलं होतं. मी सध्याच्या संचालकांशी भांडून पूर्ण भाग करून घेतला. ते म्हणाले, "बाई, आम्हालाही तोच वाजवायचा होता, पण तुमच्याच माणसांनी नको म्हटलं."

तू ये. ओरडायला तरी ये.

भिंगरी

९ मार्च

भिंगरे,

न विचारता गेलीस. उचलली जीभ लावली टाळ्याला!

परवा नेहमीसारखी त्याच्याकडे गेले. दाराची साखळी न काढता फटीतून म्हणाला, "तुमचं माझ्याकडे काय काम आहे?"

तुमचं! चाळीस वर्षांहून जास्त काळ आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो. त्याची बायको गेली तेव्हा त्याने पहिली हाक मला मारली होती. मी म्हटलं, "अरे, तुझ्यासाठीच सांगितलं रे." तो म्हणाला, "माझ्यासाठी गप्प राहायला सांगितलं होतं, ते जमलं नाही तुम्हाला." आणि दार लावलं.

तुझ्यावर चिडू, स्वतःवर चिडू की त्याच्यावर, मला कळत नाही. तिघांवरही चिडले आहे, घरातली भांडी आपटून झाली. त्याच्यावर सगळ्यात जास्त. एवढा कसला मोठेपणा, ज्यात स्वतःचं नाक कापून घ्यायचं आणि वर कुणाला रक्तही दाखवायचं नाही?

सोहळ्याला येईन. जुन्या वादकांची एक रांग ठेवली आहे. तू बोलणार असशील तर नीट उभी राहून बोल, कागदात डोकं घालून नको. आणि एक ध्यानात ठेव. तू "त्याने चोरलं नाही" म्हणालीस की कुणीतरी शहाणा पुढचा प्रश्न विचारणारच. त्याचं उत्तर आत्ताच ठरवून ये. तिथे अडखळलीस तर सगळं गेलं.

आत्या

२३ मार्च

माझ्या भिंगरे,

तू बोललीस आणि मागच्या दाराने निघून गेलीस, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. म्हणून लिहिते.

आधी तुझं. बोललीस चांगलं. "त्या सिनेमातला चोर मी माझ्या घरी बसून बनवला. तसा माणूस नव्हता. जो साहाय्यक होता, त्याने काहीही चोरलं नाही. मला जळका हवा होता, म्हणून एका हयात माणसाची सवय उचलून त्याच्या अंगावर चढवली, आणि त्याला विचारलंही नाही. हे सत्य घटनांवर आधारित नाही. हे माझं खोटं आहे." मी कानाचं यंत्र पूर्ण वाढवून ठेवलं होतं, शब्द न् शब्द ऐकला. निर्मात्याचा चेहरा उतरत गेला तोही पाहिला. पुढचं काम तुझ्या हातून गेलं, असं तुझा बाप म्हणतो. जाऊ दे गेलं तर.

मग तो पत्रकार उठलाच. "मग शेवटचा भाग पुरा कुणी केला? मास्तर तर आजारी होते!" तू क्षणभरही न थांबता म्हणालीस, "मास्तरांनी." आणि मी, जी खऱ्या इतिहासासाठी तुझ्या अंगावर धावून आले होते, त्या मीच टाळी वाजवली. पहिली. स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता, आणि तरी वाजवत राहिले.

तू गेल्यावर दिवे मंद झाले आणि टकटक आला. जुना काळा कोट घालून. रांगेत एकच जागा रिकामी होती, माझ्या शेजारची. बसला. माझ्याकडे पाहिलं नाही.

पूर्ण भाग वाजवला त्यांनी. चेलो आले तेव्हा त्याचा हात गुडघ्यावर इतका घट्ट आवळला होता की बोटं पांढरी पडली. पोरं छान वाजवत होती. त्यांना काय ठाऊक, कुणाचं वाजवतोय. चेलो संपले, व्हायोलिनं सुरू झाली, आणि या वेळी ती उगाच रडत नव्हती.

संपल्यावर पडद्यावर मास्तरांचा भलामोठा फोटो आला. सिनेमातल्या नटाचा नव्हे, खऱ्या मास्तरांचा. सगळे बसूनच टाळ्या वाजवत होते. टकटक एकटा उठला. त्या फोटोकडे तोंड करून, हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवायला लागला. गाल ओले होते, पुसायचं भान नव्हतं.

मागच्या रांगेतून एका बाईने त्याच्या पाठीला बोट लावलं. "अहो आजोबा, बसा ना खाली. तुमच्यामुळे मास्तर दिसत नाहीत."

भिंगरे, तो म्हणाला, "माफ करा हं." आणि मुकाट्याने खाली बसला.

माझ्या डोक्यात कळ गेली. सगळं तोंडावर आलं होतं, सगळं. जीभ दातांखाली धरली. मग मी उठले. त्याच्या खुर्चीपुढे नाही, मागच्या रांगेत शिरून बरोबर त्या बाईच्या पुढ्यात, दोन्ही हात कमरेवर टेकून, कोपरं बाहेर काढून, होईल तेवढी रुंद होऊन उभी राहिले. ती "अहो बाई, अहो बाई" करत राहिली. सभागृहातले सगळे दिवे लागेपर्यंत मी जागची हलले नाही.

तुझी आत्या